अर्धेमुर्धे शिष्य (९) : कोळशाचा विस्तव

  

वसईच्या एका वाचकांनी विचारलंय : अटकेच्या रात्री ख्रिस्ताला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तुम्ही कोंबड्याच्या आरवण्यावर रडवलंत, पण यरुशलेमेत कोंबड्या पाळायला बंदी होती ना? होती. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात तसा नियम आहे. कोंबड्या उकिरडे उकरणार आणि पवित्र वस्तू विटाळणार, ही भीती. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात, आरवणं म्हणजे रोमी पहाऱ्याचं शिंग. रात्रीच्या तिसऱ्या प्रहराला नावच कोंबडा आरवण्याची वेळ असं होतं. मला हे पटत नाही. बंदी घालावी लागते ती लोक पाळत असतात म्हणूनच. आमच्या वाडीतही पाटी होती आणि पाटीखाली कोंबड्या होत्या.

माझं लक्ष मात्र कोंबड्यापेक्षा त्या अंगणातल्या विस्तवाकडे जातं. यरुशलेम सुमारे ७५० मीटर उंचीवर, माथेरानहून थोडंसंच बुटकं. वल्हांडणाच्या दिवसांतही रात्री गारठा असतो. प्रमुख याजकाच्या अंगणात चाकरमाणसं कोळसे पेटवून शेकत होती, पेत्र त्यांच्यात उभा राहिला. योहानाने इथे वापरलेला ग्रीक शब्द ‘अँथ्राकिया’. आपला अँथ्रासाइट कोळसा त्याच घराण्यातला.

पेत्राला भित्रा म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याला आत घेणारा दुसरा एक शिष्य सोडला, तर बाकीचे त्या अंगणात दिसत नाहीत. त्यांनी ख्रिस्ताला नाकारलं नाही, कारण त्यांना कुणी विचारायलाच नव्हतं. शिवाय तिसरा प्रश्न विचारणारा होता मल्खाचा नातेवाईक. त्याच रात्री पेत्राने ज्याचा कान कापला, तो मल्ख! मारामारीचा साक्षीदारच शेजारी शेकत उभा. अशा वेळी जीभ अडखळली नसती असं छातीठोक सांगणाऱ्या माणसाची मला जरा भीती वाटते.

अँथ्राकिया हा शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो, योहानाच्याच २१व्या अध्यायात. तिबिर्य सरोवराचा काठ, पहाटेची वेळ, कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. पेत्र ओला होऊन काठाला आलेला. ज्यांच्या घरी शेगडी होती त्यांना ठाऊक आहे, कोळशाचा वास किती वर्षं मागे नेतो. पेत्राला तर काही दिवसच मागे जायचं होतं.

तिथे आधी न्याहारी होते. मग तीन नकारांना उठलेल्या ख्रिस्ताचे तीन प्रश्न, आणि मेंढरांची राखण त्याच्याच गळ्यात. म्हातारपणी हात पसरशील, दुसरा कुणी तुला नको तिथे नेईल, हे दुःखाचं बोलणं त्यानंतर येतं. नीरोच्या काळात रोममध्ये त्याला क्रुसावर मारलं, असं परंपरा सांगते. पण तो मृत्यू त्या रात्रीच्या खोटेपणाचा दंड नव्हे. हिशेब सरोवराच्या काठीच मिटला होता.

हा क्रम आपल्या मंडळ्यांत सर्रास उलटा वाचतात. माझ्या मावशीच्या शेवटच्या दुखण्यात प्रार्थनेला आलेले एक गृहस्थ, काही पाप कबूल करायचं राहिलंय का, असं विचारून गेले. दोन दिवस ती आठवत बसली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “कुठलं असेल रे?” मी उशी सारखी करत राहिलो.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर हा २१वा अध्याय त्यांना पहिल्या वचनापासून वाचून दाखवा. एकदम अठराव्यावर जाऊ नका, मासळी चुकेल.