पोलीस ॲक्शन : योग्य होती का?

आमच्या ढोकीतली जुनी माणसं वय विचारलं की सन सांगत नसत. ‘रझाकारीत मी रांगत होतो,’ म्हणत. त्या दिवसांत माझी आजी घराला कुलूप घालून, रातोरात बैलगाडी जुंपून बार्शीला गेली. ढोकी निजामाच्या राज्यात, बार्शी मुंबई प्रांतात, मधे सरहद्द. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताची फौज सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेनं ती सरहद्द ओलांडून आत आली. सरकारनं तिला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटलं. पण रणगाडे घेऊन कोणते पोलीस येतात? मग ही चढाई योग्य होती का?

आधी निजामाची बाजू ऐकू. १९४७ साली इंग्रजांचं अधिराज्य संपलं, तेव्हा आपण स्वतंत्र राहू शकतो, असं त्याचं म्हणणं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला होता. त्याची मुदत संपली नव्हती. हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांकडे तक्रारही नेली होती. कागदावर ही बाजू अगदीच लंगडी नव्हती.

पण प्रजेला कुणी विचारलं? विलीनीकरण मागणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीचे रझाकार गावं लुटत, जाळत होते आणि सरकार त्यांना आवरत नव्हतं. राजानं प्रजेचं रक्षण सोडलं, की त्याच्या सरहद्दीचा मान कसला राखायचा? म्हणून तो निर्णय मला योग्य वाटतो.

१७ सप्टेंबरला निजामानं माघार घेतली. पाच दिवसांत लढाई संपली. सूड मात्र संपला नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. मेलेले बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही.

आजी परतली तेव्हा आमचं कुलूप शाबूत होतं. शेजारच्या पिंजाऱ्याचं घर मात्र उघडं पडलं होतं. ‘तो काही रझाकार नव्हता,’ एवढंच ती सांगायची.

दर १७ सप्टेंबरला मी झेंड्याला वंदन करतो, मनापासून करतो. निर्णय योग्य होता. पण त्यानंतर जे घडलं, ते त्या योग्यपणाखाली झाकता येत नाही. मुक्तीची गोष्ट सांगताना त्या पिंजाऱ्याचं घरही सांगायला हवं.