पाण्यात म्हैस, बाहेर मोल

म्हैस डोहात बसली आहे. नाकपुड्या आणि शिंगे तेवढी वर दिसतात. काठावर उभे राहून तिचा भाव ठरवायचा कसा? ती धड आहे की लंगडी, कास कशी आहे, काहीच कळत नाही. 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' ही म्हण अशा सौद्यावरूनच पडली. आज हा सौदा पुन्हा होऊ लागला आहे. फरक एवढाच, की म्हैस आता पाण्यात नसते, फोनमध्ये असते.

वणीला रंगनाथ स्वामींच्या यात्रेत बैलबाजार भरतो, तो आठवा. बैल घ्यायला आलेला माणूस आधी जोडीभोवती फेरी मारतो. बैलाचे तोंड उघडून दात मोजतो. दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळला आहे? मग पाठीवर हात फिरवतो, खूर पाहतो, बैलाला चालवून पाहतो. सोबत गावचा एखादा जाणता असतोच. एवढे झाल्यावर रुमालाखाली बोटांनी भाव ठरतो आणि मग इसार दिला जातो. म्हैस घेणारा तर दोन वेळचे दूध डोळ्यांसमोर काढून घेतो.

बाजारात लबाडी नसते असे आम्ही म्हणत नाही. शिंगे घासून, तेल चोळून म्हातारा बैल तरणा म्हणून खपवणारे आहेत. एक वेळचे दूध न काढता कास फुगवून आणणारेही आहेत. पण तिथे निदान जनावर तरी असते! फोनवरच्या ठगाकडे तेही नसते.

त्याचा धंदा कसा चालतो ते पाहू. समजा, तुमच्या मोबाईलवर एक जाहिरात आली. मुऱ्हा जातीची म्हैस, काळी कुळकुळीत. खाली लिहिले आहे, 'दुसरे वेत, दिवसाला १८ लिटर दूध, किंमत ४० हजार, घरपोच.' अशी म्हैस बाजारात लाखाच्या घरात जाते. पण घरात बचत गटाचे कर्ज नुकतेच आलेले असते. घरधनीण म्हणते, "पाहा ना जी, लय सस्ती हाये!"

तुम्ही फोन लावता. पलीकडचा माणूस गोड बोलतो, बहुतेक हिंदीत. म्हशीचा व्हिडिओ पाठवतो. न मागता आधार कार्डही पाठवतो. एखादा फौजी वर्दीतला फोटो पाठवून सांगतो, 'बदली झाली, म्हणून विकतो.' वर्दी पाहिली की आपला विश्वास बसतो, हे तो जाणून असतो. ते कार्ड आणि तो फोटो दुसऱ्याच कोणाचा तरी असतो.

मग मागणी सुरू होते. आधी नोंदणीचे २ हजार. दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढणाऱ्या म्हशीचा व्हिडिओ येतो, आणि गाडीभाड्याचे ५ हजार. मग विम्याचे ३ हजार, 'हे म्हैस पोचल्यावर परत मिळतील' असे सांगून. रात्री पुन्हा फोन वाजतो. "गाडी वरोऱ्याजवळ अडवली आहे. डॉक्टरचा दाखला लागतो. ६ हजार टाका, नाही तर म्हैस उपाशी मरेल." मुक्या जनावराचे नाव घेतले, की आपल्या लोकांचा जीव कळवळतो. पैसे जातात. मग एक दिवस फोन बंद.

यात माणूस केवळ लोभाने किंवा भोळेपणाने फसतो, असे आम्हाला वाटत नाही. पहिले २ हजार बुडू नयेत म्हणून तो ५ हजार देतो. ते ७ हजार बुडू नयेत म्हणून आणखी ३ देतो. विहिरीत पडलेली बादली काढायला दोर सोडावा आणि दोरही हातचा सुटावा, तसे हे आहे. म्हणून ज्या क्षणी शंका येईल, त्याच क्षणी हात आखडावा. गेले ते गेले, पण त्याच्यामागे आणखी पाठवू नये.

ही गोष्ट एकट्या आपल्या गावाची नाही. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या गुरुग्रामकडच्या एका दूध व्यावसायिकाने इंटरनेटवर स्वस्त गाई शोधल्या. त्याचे सुमारे २२ हजार रुपये गेले, गाई आल्याच नाहीत. अमेरिकेतही २०२० साली असा एक खटला उभा राहिला. तिथे कुत्र्याची छोटी पिल्ले विकायची जाहिरात होती. पैसे दिले, की 'पिल्लाला करोनाची लागण झाली असेल, विमा काढा, आणखी पैसे भरा' असे सांगत. म्हशीच्या जागी पिल्लू, डॉक्टरच्या दाखल्याच्या जागी करोना. शहरात शिकणारे आपले पोर कुत्र्याचे पिल्लू मागवत असेल, तर त्यालाही हे वाचून दाखवा.

आणखी एक डाव आहे. तुम्ही बैल विकायला काढलेला असतो. पलीकडचा म्हणतो, "मी पैसे पाठवतो. हे चौकोनी चित्र स्कॅन करा आणि पिन टाका." इथे सावध व्हा. पिन म्हणजे आपल्या पेटीची किल्ली. ती पैसे बाहेर काढायला लागते. कोणी आपल्या पेटीत पैसे टाकत असेल, तर आपली किल्ली कशाला हवी? पैसे घेताना पिन लागत नाही.

तर फोनवर जनावर पाहूच नये काय? पाहावे की. जाहिराती देणारे सगळेच ठग नसतात. भाव कळतो, कुठे कोणत्या जातीचे जनावर आहे ते कळते. पण खरेदीला पायांनीच जावे. सोबत दोघे-तिघे जाणते घ्यावेत. अनोळखी ठिकाणी रोकड घेऊन एकट्याने तर मुळीच जाऊ नये. तिकडेही लुटारू बसलेले असतात.

जाण्यापूर्वी एक परीक्षा घरबसल्या घेता येते. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉल करायला सांगा. म्हणा, "दादा, तिचे दात दाखवा. आजचा पेपर तिच्या शिंगाजवळ धरा. आता कानातला बिल्ला दाखवा." ज्याच्या दावणीला म्हैस आहे, तो हसत दाखवील. ज्याच्याकडे नाही, त्याचे नेटवर्क नेमके तेव्हाच जाईल.

कानातल्या बिल्ल्याचेही सांगतो. पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडे असतात. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. त्या आकड्यावर सरकारी नोंदीत जनावराची आणि मालकाची माहिती असते. आकडा लिहून घ्या आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पण नुसत्या बिल्ल्याच्या फोटोवर भुलू नका. दुसऱ्याच्या म्हशीचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?

आणि फसलोच तर? पुष्कळ लोक इथे मोठी चूक करतात. ते गप्प बसतात. लोक हसतील, गटातल्या बाया बोलतील, म्हणून चार दिवस घरातसुद्धा सांगत नाहीत. तेवढ्यात ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतो आणि काढून घेतो. पैसे खात्यात असतील तोवरच ते अडवता येतात. म्हणून तासही न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक आहे. तिथून बँकेला कळवतात आणि पैसे पुढे जाऊ नयेत म्हणून रोखण्याची खटपट होते. सगळे परत मिळतातच असे नाही, पण लवकर कळवले तर आशा राहते. आपल्या बँकेलाही त्याच दिवशी सांगा.

मग पोलीस ठाण्यात जा. ठग हरियाणात असो की आणखी कुठे, तक्रार आपल्या ठाण्यात देता येते. त्याचे मेसेज, फोटो पुसून टाकू नका. जाताना एका कागदावर आपल्या हाताने लिहून न्या. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती रुपये, कोणत्या नंबरवर पाठवले. पैसे गेल्याच्या मेसेजमध्ये व्यवहाराचा एक लांबलचक आकडा असतो, तोही उतरवा. तक्रारीचा क्रमांक मिळेल, तो त्याच कागदावर खाली लिहा आणि कागद बँकेच्या पासबुकात ठेवा.