पाच सिलिंडरांचे इंजिन आणि आकाशात गेलेल्या मुली

विमानाचे इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनिअरांचे काम, आपल्या घरातल्या मुलींचा त्याच्याशी काय संबंध, असे आपण सहज म्हणून जातो. या अंकात आम्ही अशा एका जुन्या इंजिनाची ओळख करून देत आहोत, जे शिकणाऱ्यांसाठीच बनवले गेले होते. त्याचे नाव एम-११.

१९२३ साली सोव्हिएत संघात शिकाऊ विमानांसाठी नव्या इंजिनाची स्पर्धा ठेवण्यात आली. तीतून अर्कादी श्वेत्सोव यांचे हे इंजिन पुढे आले. ताकद साधारण १०० अश्वशक्ती. मोटारीच्या इंजिनात सिलिंडर एका रांगेत असतात. इथे मात्र पाच सिलिंडर मधल्या दांड्याभोवती ताऱ्याच्या पाच टोकांसारखे बसवलेले. विमान पुढे गेले की समोरची हवा प्रत्येक सिलिंडरला लागते आणि तो थंड राहतो. मोटारसायकलच्या सिलिंडरवर धातूच्या पातळ पट्ट्या असतात, तशाच इथेही असतात. पाण्याची टाकी नाही, नळ्या नाहीत. त्यामुळे गळती नाही आणि रशियाच्या थंडीत पाणी गोठण्याची भीतीही नाही.

सिलिंडर पाचच का, सहा का नाहीत? यात एक सुंदर गणित आहे. अशा इंजिनात एक सिलिंडर सोडून पुढच्यात ठिणगी पडते : पहिला, तिसरा, पाचवा, मग दुसरा, चौथा. दांड्याच्या दोन फेऱ्यांत पाचही सिलिंडरांची पाळी होते आणि चक्र न अडखळता पुन्हा पहिल्यावर येते. सम संख्या घेतली तर ही लय जुळत नाही.

काळजी मात्र घ्यावी लागे. अशी इंजिने बंद असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. म्हणून चालू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून पाहायचा. तो अडला तर जोर करायचा नाही, आधी तेल काढायचे. घाई केली तर इंजिन मोडते.

हेच इंजिन निकोलाय पोलिकार्पोव यांच्या यू-२ या लाकूड आणि कापडाच्या दोन पंखी विमानाला लागले. पुढे हजारो तरुण त्याच विमानावर शिकले. कारखान्यातले कामगार आणि विद्यार्थी संध्याकाळी फ्लाइंग क्लबात येऊन उडायला शिकू लागले.

बाकू शहरातल्या एका अझरबैजानी मुस्लिम घरात १९०९ साली जन्मलेली लैला ममादबेयोवा त्यांतलीच. १९३१ साली तिने विमान उडवले आणि ती अझरबैजानची पहिली महिला वैमानिक ठरली. यू-२ मधून तिने पॅराशूटने उडीही घेतली. युद्ध सुरू झाले तेव्हा ती मुलाबाळांची आई होती. तिने बाकूतच राहून तरुणांना शिकवले.

कझाकस्तानची खिउआझ दोस्पानोवा युद्धापूर्वी मॉस्कोत डॉक्टरी शिकत होती. ती ज्या पलटणीत दिशादर्शक म्हणून दाखल झाली, तिच्यात वैमानिकांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्या स्त्रियाच. त्या रात्री उडत. लक्ष्याजवळ आल्या की इंजिन मंद करून विमान तरंगत नेत. जर्मन सैनिक त्यांना 'रात्रीच्या चेटकिणी' म्हणू लागले. १९४३ साली झालेल्या टकरीत खिउआझचे दोन्ही पाय मोडले. बऱ्या होऊन ती पुन्हा कामावर गेली. पहाटेपर्यंत परतणाऱ्या विमानांची इंजिने अंधारात, गारठलेल्या बोटांनी तपासणाऱ्या मेकॅनिक मुलींची नावे मात्र फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

इथे दोन गोष्टी झाकून ठेवणे बरे नाही. युद्ध म्हणजे विध्वंसच. त्या रात्रींत दोन्हीकडच्या आयांची लेकरे गेली. आणि ज्या राजवटीने या मुलींना विमान दिले, तिनेच त्यांच्या मुलखातल्या मशिदी बंद केल्या. त्यामुळे हुनर हवे असेल तर दीन सोडावा लागतो, अशी शंका आपल्या मोहल्ल्यात अजूनही कुणी घेते. आम्हाला ती पटत नाही. जुलूम राजवटीने केला. इंजिनाने कुणाला तसे सांगितले नव्हते. इल्म मिळवणे फर्ज आहे, हे आपण जलशांतून ऐकत आलो आहोत. त्यात पान्याचा आणि ठिणगीचा इल्म का नसावा?

मिक्सर बिघडला की आपण पेचकस मुलाच्या हाती देतो आणि मुलीला चहा ठेवायला सांगतो. दहावीनंतर तिने आयटीआयचा अर्ज आणला तर घरात सगळे गप्प होतात. एम-११ चालवायला आणि दुरुस्त करायला लागत होती ती समज, सबर आणि सराव. या तिन्ही गोष्टी आपल्या मुलींकडे आहेत. पुढच्या वेळी मिक्सर बंद पडला, तर अम्मी-अब्बांनी पेचकस तिच्या हाती देऊन पाहावा.