कवीच्या घरात कविता राहते का?

परतवारीच्या एकादशीला तुम्ही नरसीला गेलाच असाल. दर्शनाची लांबच लांब रांग, टाळ-मृदंग, दुकानं आणि हो, सेल्फीसुद्धा! आता एक साधा प्रश्न. संत नामदेवांचा एक तरी अभंग तुम्हाला शेवटपर्यंत म्हणता येतो का? थांबा, लगेच मोबाइल काढू नका.

देव म्हणून, संत म्हणून नामदेव आपल्याला ठाऊक आहेत. कवी म्हणून मात्र ते आपल्यापासून जरा लांबच राहिलेत. मंदिरात आपण हात जोडतो. पण कवीची ओळख व्हायची तर त्याचे शब्द वाचावे लागतात, आणि त्यासाठी बसायला एक जागा लागते. अशी जागा कशी असते, हे बघायचं असेल तर कोकण ट्रिपमध्ये एक स्टॉप वाढवा.

रत्नागिरी जिल्ह्यात, गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ मालगुंड नावाचं गाव आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली इथे जन्मले. पेशानं शिक्षक. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेले, तेव्हा वय चाळिशीच्या आत होतं आणि नावावर एकही पुस्तक नव्हतं! कविता पुस्तकरूपात आल्या त्या नंतर, ह. ना. आपटे यांच्यामुळे. आज त्याच माणसाला आपण आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणतो.

कोकण मराठी साहित्य परिषदेनं १९९४ साली मालगुंडला त्यांचं स्मारक उभं केलं. कौलारू जन्मघर जपलंय, त्यात जुन्या काळच्या वस्तू आहेत. बाहेर दगडावर कोरलेल्या कविता आहेत. शिवाय ग्रंथालय आहे, आणि एका दालनात केशवसुतांनंतरच्या कवींचे फोटो आणि कविता लावल्या आहेत. म्हणजे तुम्ही एका कवीला भेटायला जाता आणि दहा-वीस कवींना भेटून बाहेर पडता.

असंच एक घर तिकडे तुर्कस्तानात, इस्तंबूलला आहे. नाव ‘आशियान’, म्हणजे घरटं. आपल्या ओळखीचा ‘आशियाना’ तो हाच! तेवफिक फिक्रेत या कवीचं हे घर. जन्म १८६७चा, म्हणजे केशवसुतांपेक्षा वर्षभरानं लहान. तेही शिक्षक, आणि तिकडच्या कवितेला नवं वळण देणाऱ्यांपैकी एक. १९४५ साली या घराचं संग्रहालय झालं, तेव्हा त्यात फिक्रेत यांच्यासोबत त्यांच्या काळातल्या इतर लेखक-कवींनाही जागा मिळाली. मालगुंड आणि इस्तंबूलचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण कल्पना एकच: कवीचं घर एकट्या कवीचं नसतं.

आता परत आपल्या हिंगोलीत या. आपल्याकडे दालन भरायला काय कमी आहे? नामदेवांची गाथा आहे. त्यांच्या घरात राहिलेल्या जनाबाईंचे अभंग आहेत. या जनाबाई गंगाखेडच्या, आणि १९९९ पर्यंत आपला आणि गंगाखेडचा जिल्हा एकच होता, परभणी. नामदेवांच्या आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावावरही अभंग आहेत. एका घरात एवढे कवी! शिवाय गुरू ग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबातल्या घुमानला २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ते याच नात्यानं.

इमारत, निधी, उद्घाटन या गोष्टी मोठ्यांच्या. पण सुरुवात तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीतही होऊ शकते. ग्रंथपालांना भेटा आणि एक कपाट मागा, फक्त या कवींसाठी. गाथा ठेवा, जनाबाई ठेवा, त्या ६१ पदांचा अर्थ सांगणारं पुस्तक शोधून ठेवा. दर शनिवारी चार जण बसा, एक अभंग वाचा, अडलेल्या शब्दावर वाद घाला.

आणि एक काम तर आजच करता येईल. गावाकडे आजी असेल, भजनी मंडळातले आजोबा असतील, तर त्यांना पाठ असलेले अभंग मोबाइलवर रेकॉर्ड करा. तारीख आणि गावाचं नाव टाकून ते जपून ठेवा. या पिढीच्या ओठांवर आहे तो आवाज, ती चाल, छापील गाथेत सापडत नाही. केशवसुतांच्या कविता कुणीतरी वेळेत गोळा केल्या म्हणून मालगुंडला आज दगडावर कोरायला काहीतरी होतं. तुमच्या आजीचा फोन नंबर तर तुमच्याकडे आहेच ना?