लाजेपोटी जीव गमावू नका

घरात कुणाच्या छातीत दुखले की आपण सारे धावतो. पण तरुण मुलाच्या अंडकोषात गाठ आली, तर तो आईला सांगत नाही आणि वडिलांनाही सांगत नाही. या लाजेमुळे बरा होणारा आजार हाताबाहेर जातो. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

वृषणाचा कॅन्सर प्रामुख्याने १५ ते ४० या वयात होतो. आपल्या देशात तो युरोपच्या मानाने कमी, पण होतो. शुक्रजंतू ज्यांपासून तयार होतात त्या बीजपेशींतून बहुतेक गाठी उगवतात. डेन्मार्कचे डॉ. स्काकेबेक यांनी १९७२ मध्ये गाठीच्या आधीच्या बिघडलेल्या पेशी ओळखल्या. हा बिघाड मूल पोटात असतानाच सुरू होत असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

इथे इस्ट्रोजेनचा संबंध येतो. ते बायकांचे संप्रेरक म्हणून आपल्याला ठाऊक. पण पुरुषालाही ते थोडे लागतेच. कुलपात किल्ली बसावी तसे ते पेशीच्या ग्राहीत बसते आणि पेशीला हुकूम मिळतो. सेमिनोमा या गाठीत वाढीला आवर घालणारा बीटा ग्राही कमी झालेला, तर वाढीला चालना देणारा जीपीईआर हा ग्राही वाढलेला आढळला आहे.

गर्भपात टळावा म्हणून पूर्वी परदेशात गरोदर बायकांना डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन देत. १९७१ मध्ये अमेरिकी सरकारने त्याविरुद्ध बजावले. त्या मातांच्या मुलग्यांत वृषण खाली न उतरण्याचे प्रमाण जास्त दिसले. कॅन्सरशी थेट नाते मात्र पुरते सिद्ध नाही. तेव्हा कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. करणी किंवा पूर्वजन्मीचे पाप तर नाहीच नाही. कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांची शिकवण आहे. कारण शोधावे ते डॉक्टरकडे, भगताकडे नव्हे.

बाळाचे वृषण सहा महिन्यांत खाली उतरले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया वेळेवर व्हावी. १३ वर्षांच्या आत ती झालेल्यांत कॅन्सरचा धोका उशिरा झालेल्यांपेक्षा निम्म्याहून कमी, असे स्वीडनमधील २००७ च्या अभ्यासात दिसले.

तरुणांनी अंघोळीनंतर अधूनमधून स्वतः चाचपून पाहावे. न दुखणारी कडक गाठ, सूज किंवा जडपणा वाटला तर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घ्यावी. दुखत नाही म्हणून थांबू नये. एक वृषण काढले तरी दुसरे निरोगी असल्यास संसार होतो, मुलेही होऊ शकतात.

१९७४ मध्ये अमेरिकेत डॉ. आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनचा उपचार सुरू केला आणि मरणाच्या दारातली मुले घरी परतू लागली. क्रिकेटपटू युवराजसिंगला याच प्रकारची गाठ छातीत होती. २०१२ मध्ये उपचार घेऊन तो त्याच वर्षी पुन्हा भारताकडून खेळला.

मातांनो, पित्यांनो, आपल्या मुलाशी याविषयी मोकळेपणाने बोला. शिकलेल्या समाजाला ही लाज परवडणारी नाही.

जय भीम!