क्युप्रिक आयोडाइडची बाटली का मिळत नाही?

काचीगुड्यात आमच्या गल्लीतल्या इंटरच्या दोन-तीन मुलांना मी संध्याकाळी केमिस्ट्री शिकवतो. परवा एकाने विचारलं, "दादा, क्युप्रिक क्लोराइड आहे, ब्रोमाइड आहे, मग आयोडाइड का नाही? व्हॅलन्सी तर बरोबर जुळतेय की!" प्रश्न रास्त आहे. एक तांबं, दोन आयोडीन, असं सूत्र कागदावर सहज मांडता येतं. लॅबच्या कपाटात मात्र या नावाची बाटली सापडत नाही.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये आपण ते बनवायला निघाल्यासारखंच करतो. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड ओतलं की सगळं एकदम तपकिरी, गढूळ होतं. हा रंग मोकळ्या झालेल्या आयोडीनचा. आयोडाइड आपला इलेक्ट्रॉन तांब्याला देऊन टाकतो, तांबं दोनवरून एकवर येतं आणि क्युप्रस आयोडाइडचा पांढरा साका (पुस्तकी भाषेत अवक्षेप) तळाशी बसतो.

खरी गंमत पुढे आहे. पुस्तकामागचा तक्ता उघडा. क्युप्रिकचं क्युप्रस होण्याचं विभव ०.१५ व्होल्ट, आयोडीनचं आयोडाइड होण्याचं ०.५४. या आकड्यांवर विसंबलं तर अभिक्रिया उलटी व्हायला हवी, म्हणजे आयोडीननेच क्युप्रसचा इलेक्ट्रॉन ओढायला हवा! पण तक्त्यातला ०.१५ हा आकडा क्युप्रस आयन द्रावणात मोकळा आहे असं धरून दिलेला असतो. इथे तो मोकळा राहतच नाही. क्युप्रस आयोडाइडचा विद्राव्यता गुणाकार दहाच्या उणे बाराव्या घाताच्या आसपास आहे. दर दहापटीला ०.०५९ व्होल्ट, तर बारा दहापटींना सुमारे ०.७१. ते ०.१५ मध्ये मिळवा: ०.८६. आता ०.५४ मागे पडलं आणि तांबं जिंकलं. हा हिशेब एकदा स्वतः करून बघाच, नुसतं "आयोडाइड क्षपणक आहे" असं पाठ करण्यात काही अर्थ नाही.

क्लोराइड आणि ब्रोमाइड आपला इलेक्ट्रॉन घट्ट धरून असतात, म्हणून त्यांची क्युप्रिक संयुगं टिकतात. तरी क्युप्रिक ब्रोमाइड चांगलं तापवलं तर ब्रोमीन सुटतोच. फ्लोरीनकडे तर चित्र नेमकं उलटं: तिथे क्युप्रिक टिकाऊ आणि क्युप्रस फ्लोराइड हाती न लागणारं.

आयोडाइड आणि क्युप्रिक तांबं एकत्र नांदूच शकत नाहीत, असं मात्र समजू नका. इथिलीनडायअमाइनच्या दोन रेणूंनी तांब्याला घेरलं की आयोडाइड शेजारी गुमान बसतो.

आणि या न टिकण्याचा फायदाही आहे. तांब्याच्या दर दोन आयनांमागे आयोडीनचा नेमका एक रेणू सुटतो. तो थायोसल्फेटने मोजला की पितळेत तांबं किती ते कळतं. स्टार्च शेवटीशेवटी घाला, आणि थोडं थायोसायनेटही. नाहीतर साका आयोडीन धरून ठेवतो आणि रीडिंग कमी येतं.