पाझर बारीक, मोटर मोठी

सायखेड्यात गोदाकाठच्या एका सप्ताहात रात्रीच्या भजनाला टाळ, पखवाज आणि पेटीच्या जोडीला गिटार होती. वाजवणारा मुलगा विशीतला, हात तयार. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. जाड तार छेडली की लाकडी पोकळीतला खर्ज मांडीखालच्या सतरंजीतूनही जाणवत होता. पाणी प्यायला मांडवाच्या मागे गेलो, तर भोंग्यातून तीच गिटार पत्र्याच्या डब्यावर तारा ताणल्यासारखी किरकिरत होती. साउंडवाल्याने बास वाढवला, तर घों सुरू झालं. आवाज वाढवला, तर शिट्टी वाजली. दोन अभंगांनंतर त्या मुलाने वायर काढली आणि टाळ हातात घेतले. मला फार वाईट वाटलं, कारण त्याच्या बोटांत काही उणं नव्हतं आणि साउंडवाल्याच्या कानातही नव्हतं. गिटार आणि मिक्सर यांच्या मध्ये एक वस्तू असायला हवी होती, ती नव्हती. तिचं नाव प्रीअँप.

‘आवाज मोठा करणारी डबी’ अशी तिची ओळख करून दिली जाते. ती अपुरी आहे आणि तिच्यामुळेच खरेदीत फसगत होते. तिचं खरं काम समजायला स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर हातात घ्यावा. खटका दाबला की आतली छोटी हातोडी सिरॅमिकच्या एका तुकड्यावर आपटते. त्या दाबाने तुकड्यावर काही हजार व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. दाबाने वीज निर्माण होण्याचा हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 साली पॅरिसमध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला. त्यालाच पिझो परिणाम म्हणतात. लाकडी गिटारच्या घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीखाली बहुधा अशीच पिझोची बारीक पट्टी दडवलेली असते. तार थरथरली की पट्टीवरचा दाब कमीजास्त होतो आणि त्याच चालीने विजेची लहर उमटते. भजनाच्या गर्दीत माइकपेक्षा ही सोय बरी, कारण गिटारपुढचा माइक शेजारचा पखवाजही उचलतो आणि भोंग्याचा परत आलेला आवाजही.

पण ठिणगी हजारो व्होल्टची असली तरी लायटरचा चटका जिवावर बेतत नाही, कारण त्यात विजेचा साठा अगदी थोडा असतो. पिझोचं मर्म इथेच आहे. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराला हे एका वाक्यात सांगता येईल: विहिरीचा पाझर बारीक आणि वर बसवली पाच एचपीची मोटर. विहिरीत पाणी दिसतं, पण मोटर सुरू केली की घटकाभरात तळ उघडा पडतो. मिक्सरचं इनपुट म्हणजे ती मोटर. ते किती ओढतं, हे इनपुट इम्पिडन्सवरून कळतं. आकडा जितका मोठा, तितकी ओढ कमी.

आता हिशेब करू. घोडीखालच्या पट्टीची धारिता, म्हणजे विजेचा साठा धरण्याची क्षमता, साधारण 1 नॅनोफॅरड धरली आणि तिची वायर मिक्सरच्या 10 हजार ओहमच्या लाइन इनपुटला लावली, तर सुमारे 16 हजार हर्ट्झच्या खालचं सगळं घटत जातं. सूर जितका खालचा, तितकी घट जास्त. गिटारची सर्वांत जाड तार तर 82 हर्ट्झला कंपन पावते. तिचा मूळ सूर बुडतो, वरचे उपस्वर तेवढे शिल्लक राहतात आणि कानाला पत्रा ऐकू येतो. माइकच्या इनपुटची ओढ याहून जास्त, दीड-दोन हजार ओहमची. तिथे हाल आणखी वाईट. उलट 1 मेगओहमला, म्हणजे दहा लाख ओहमला, घट 160 हर्ट्झच्या आसपास सुरू होते आणि 10 मेगओहमला 16 हर्ट्झच्या खाली, म्हणजे कानाच्या मर्यादेपलीकडे. मिक्सरवरची बासची कळ फिरवून हे साधत नाही. खर्ज आत पोचलेलाच नसतो, वाढते ती फक्त विजेची 50 हर्ट्झची घरघर.

लग्नाच्या वरातीतला आपला बेंजो या बाबतीत नेमका उलटा. त्याचा पूर्वज ताइशोगोतो, जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये केलेला. आपल्याकडच्या इलेक्ट्रिक बेंजोला आणि इलेक्ट्रिक गिटारला चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेला पिकअप असतो. हा वेढा कमी ओहमच्या इनपुटला लावला की वरचे सूर मरतात. एकाच मिक्सरवर एका वाद्याचा खर्ज जातो आणि दुसऱ्याची चमक. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. वेढ्याला 1 मेगओहम पुरतं. मात्र वायरही आखूड हवी, कारण दर मीटरला शंभरेक पिकोफॅरडची भर पडते आणि चमक आणखी खाली सरकते.

म्हणून प्रीअँप घेताना आधी इनपुट इम्पिडन्सचा आकडा विचारावा. पिझोला 5 ते 10 मेगओहम असेल तर उत्तम. त्यानंतर पाहायची ती पहिल्या टप्प्याची खरखर. कोणत्याही रोधात उष्णतेमुळे सूक्ष्म विद्युतगोंधळ असतो. बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचं गणित 1928 मध्ये मांडलं. साखळीच्या पहिल्याच कडीत शिरलेली खरखर पुढचे सगळे टप्पे सुराबरोबरच मोठी करतात. त्यामुळे महागडा मिक्सर आणि हलका प्रीअँप ही जोडी मला उलटी वाटते.

शिट्टीचं कारण वेगळं. भोंग्याचा आवाज गिटारच्या पेटीला हलवतो, ती हालचाल पुन्हा भोंग्यात जाते आणि फेरीगणिक वाढते. गिटारच्या पोकळीतली हवा साधारण 100 हर्ट्झला आणि वरची फळी 200 च्या आसपास सहज घुमते, बहुधा तिथेच गाडी अडते. नेमकी तेवढीच पट्टी कापणारा नॉच आणि लहर उलटी करणारं फेजचं बटण प्रीअँपवर असेल तर मांडवात त्याची किंमत वसूल होते. मिक्सर तीस मीटर लांब असेल तर लांब वायरीत शिरणारी घरघर रोखणारं बॅलन्स्ड आउटपुटही हवं.

जनरेटरवर घरघर आली की काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. कृपा करून असं करू नका. एका हातात तार आणि ओठाशी माइक असताना गळतीची वीज माणसाच्या अंगातून वाट काढते. प्रीअँपवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण फक्त सिग्नलच्या वायरची जमीन तोडतं, तेच वापरावं.

गिटारच्या बाजूला कळा आणि 9 व्होल्टची बॅटरी असेल, तर प्रीअँप आधीच आत आहे. खर्चाआधी बॅटरी बदलून पाहावी.

त्या मुलाच्या गिटारला कळा नव्हत्या. काल्याच्या आदल्या रात्री त्याने कुणाची तरी 10 मेगओहमची डबी आणली. पखवाजवाल्याने धुम्याला ओली कणीक थापली, पहिला घुमारा दिला आणि पाठोपाठ जाड तार वाजली. या वेळी मी मुद्दाम मांडवाच्या मागच्या टोकाला उभा होतो. दोन्ही खर्ज तिथवर आले.